करंजडोहातले दगड

"जन्मात पहिल्यांदा हातात मोजं घालायचा योग आला, ते बी दोन्ही डाव्या हाताचं," हौसाआत्या माझ्या कानाशी पुटपुटली.

आम्ही तिघी एकाच घाणेरीच्या जाळीला लागलो होतो. हौसाआत्या फांद्या ओढत होती, मी कोयत्यानं तोडत होते आणि माझी थोरली जाऊ शालनआक्का बुंध्याशी बसून कुदळीनं मुळं मोकळी करत होती. मोजे संस्थेनं पाठवले होते. गठ्ठा सोडला तर सगळे डावे. उजव्या हातात घालायचा म्हटलं तर उलटा चढवावा लागायचा, म्हणजे रबर पंजाच्या पाठीवर आणि काटे सगळे तळहातात.

मी म्हटलं, "मॅडमना सांगायचं की मग."

"सांगितलं. म्हणाल्या, पुढच्या खेपेला उजवे पाठवते. म्हणजे तवा दोन्ही उजवे."

आक्का हसली. त्या काळात ती आवाज न करता हसायची, नुसते खांदे हलायचे. ती हसली की मी मुद्दाम दुसरीकडं बघायची. कुणी बघतंय असं वाटलं की ती थांबायची.

आमचा ओढा भैरीच्या डोंगरातून निघतो आणि गावाखालून नदीला मिळतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो अक्षय तृतीयेपर्यंत वाहायचा. नंतर नंतर संक्रांतीलाच त्याची वाळू दिसायला लागली. दोन्ही काठांना घाणेरी आणि रानमोडी माजली, जनावरंसुद्धा तिकडं तोंड घालेनात. मग केतकी मॅडम आल्या. शहरातल्या संस्थेकडून आलेली पंचविशीतली पोरगी, बोलायला भरभर, खायला त्याहून भरभर. कुणाच्याही घरी गेली की पहिल्यांदा भाकरीच्या टोपल्यात बघायची. गावाला ती आवडली. दर रविवारी सकाळी घरटी एक माणूस ओढ्यावर यायचं ठरलं. काठ साफ करायचा, दगड रचून छोटे छोटे बांध घालायचे, आणि करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज अशी मूळची झाडं परत लावायची.

आमच्या घरात खरं तर घरटी एक म्हणजे एकच माणूस पुरलं असतं, पण आम्ही तिघं जायचो. मी, आक्का आणि आक्काचे मालक तात्या, म्हणजे माझे थोरले दीर. खड्डे खणायला तात्यांचा हात सगळ्या गावात भारी. खाली मान घालून खणत राहायचे. पाणी प्यायलाही कुणाला तरी हाक मारावी लागायची.

त्या रविवारी केतकी मॅडम ओढ्याच्या कडेनं वर वर गेल्या. तिथं चार जुनी करंजाची झाडं गोल उभी आहेत आणि त्यांच्यामध्ये सपाट, कडक झालेला मुरमाचा तुकडा आहे. मॅडमनी त्यावर बुटानं दोन-तीनदा आपटून बघितलं. मग वाकून कडेची माती उकरली.

"अहो, इथं डोह होता," त्या तिथूनच ओरडल्या. "झऱ्याचं तोंड याच्याखाली आहे. ओढा का आटतोय विचारत होता ना, हे बघा. कुणीतरी ट्रॉल्यांनी दगड आणून टाकलेत इथं."

खालच्या कुदळी थांबल्या.

"मुद्दाम बुजवलाय हो. एवढा खटाटोप कुणी केला? कसली अक्कल म्हणायची ही?"

तात्या त्यांच्या मागोमाग वर गेले होते आणि हाताच्या अंतरावर उभे होते, दोन्ही काखेत जांभळाची रोपं घेऊन. त्यांनी ती रोपं एक एक करून खाली ठेवली, ओळीत. पिशव्या फाटणार नाहीत अशी जपून.

"मॅडम," हौसाआत्या म्हणाली, "चहा निवतोय."

चहा अजून चुलीवरसुद्धा चढला नव्हता.

परत येताना मी मॅडमना बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्याला करंजडोह म्हणायचे. उन्हाळ्यात सगळा ओढा आटला तरी डोह भरलेला. मासे तेवढे चार महिने डोहात माहेराला यायचे आणि पावसाळा लागला की परत ओढाभर संसाराला जायचे. गावातली सगळी पोरं तिथंच पोहायला शिकली. त्यांना शिकवायचा निवास, तात्या-आक्कांचा एकुलता एक. गोड्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, झाकण डाग देऊन पक्कं बसवलेलं, तो पोराच्या पाठीला दोरीनं बांधायचा आणि द्यायचा ढकलून. माझी तेजू शिकली तेव्हा मी काठावर बसून रडत होते. निवास पाण्यातून म्हणाला, "काकी, डोहात आधीच पाणी हाय. तुम्ही आणखी भर घालू नका."

मग तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. तात्या एसटीत अनोळखी माणसाशेजारी बसले तरी पुढच्या थांब्याच्या आत त्याला कळायचं, यांचा मुलगा इंजिनिअर होतोय. दुसऱ्या वर्षी तो सुट्टी नसताना घरी आला. आठवडाभर राहिला. निघायच्या दिवशी बॅग भरून सोप्यात ठेवलेली होती, वर आक्काच्या डिंकाच्या लाडवांचा डबा. संध्याकाळची गाडी होती. दुपारी तो डोहावर गेला आणि गेला.

पाय घसरला, असं तात्या म्हणाले. गाव तेच म्हणालं. पाव्हण्यारावळ्यांना मीही तेच सांगत आले.

तेरावं झालं आणि तात्यांनी ट्रॅक्टर काढला. आमच्या बांधावरचे दगड ट्रॉलीत भरले आणि नेऊन डोहात ओतले. परत आले, परत भरले. एकटेच. गावाला ते बघवेना. आमच्या गावाची रीत अशी की, कुणावर वेळ आली तर पैसे विचारत बसत नाहीत, घरटी काहीतरी देतात. कुणाचं छप्पर उडालं तर घरटी चार कौलं, कुणाच्या घरी लग्न निघालं तर घरटी पायलीभर धान्य. तशी त्या वेळी घरटी एक ट्रॉली दगड निघाली. कुणी पडक्या गोठ्याची भिंत काढून दिली, कुणी जुना उंबरठा. करंजडोह आठवडाभरात भरला. वर मुरूम पसरून रोलर फिरवला, हे सगळं तात्यांच्या मायेपोटी. दुसऱ्या कुणाचं पोर जायला नको म्हणून. त्याच उन्हाळ्यात ओढा आटला, पण तेव्हा ते कुणी मोजलं नाही.

केतकी मॅडम हे ऐकून बांधावर बसल्या आणि रडल्या. आत्ताच्या आत्ता जाऊन आक्काचे पाय धरते म्हणाल्या. मी त्यांना धरून ठेवलं. मग नाक पुसून त्या हळूच म्हणाल्या, "पण काकू, ते दगड काढल्याशिवाय आपण लावतोय त्यातलं एक झाड जगणार नाही हो."

भैरोबाच्या देवळात बैठक बसली. सरपंच उत्तमराव आधी पावसावर बोलले, मग शाळेच्या पत्र्यांवर, मग माशांवर. मासे म्हणताना त्यांनी तात्यांकडं बघितलं आणि तिथंच अडकले.

तात्यांनीच त्यांना सोडवलं. "डोहाचं म्हणताय न्हवं? उकरा की. माझी काय ना न्हाई."

उत्तमरावांनी सुटल्यासारखा श्वास घेतला.

"फकस्त एक सांगा मला," तात्या म्हणाले. "उद्या दुसऱ्या कुणाचं पोर तितं पाय घसरून गेलं, तर त्याच्या आईला काय सांगायचं? तुमच्यापैकी कोण सांगणार, ते आज ठरवा. आणि मग खुशाल उकरा."

देवळात घंटेचा दोर वाऱ्यानं हलत होता, सगळे त्याच्याकडं बघत बसले. बोलण्यासारखं प्रत्येकाकडं होतं, पण ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं. बायकांच्या बाजूला आक्का माझ्या शेजारी होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. थोरल्या दिरापुढं मी मोठ्यानं बोलत नाही, ही माझी त्या दिवशीची सोय होती.

डोहाचा विषय मिटला. ठरावात उत्तमरावांनी लिहून घेतलं की काम डोहाच्या खालच्या अंगाला चालू राहील.

चैत्र लागला तशी रोपं माना टाकायला लागली. आम्ही विहिरीवरून कळशांनी पाणी आणून घालायचो. पहिल्या रविवारी सगळं गाव कळशा घेऊन आलं, फोटोसुद्धा निघाले. पुढच्या रविवारी निम्मी माणसं. मग कुणाच्या घरी जत्रा, कुणाच्या मुलीला बघायला पाव्हणे. शेवटी शेवटी केतकी मॅडम, हौसाआत्या, आम्ही दोघी जावा आणि तात्या, एवढेच उरलो. तात्या खांद्यावर कावड घेऊन दुसऱ्या कुणाच्याही तिप्पट पाणी आणायचे. ज्या माणसानं झरा बुजवला तोच झाडांना खांद्यावरून पाणी घालत होता, आणि हे त्याला कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

एका सकाळी आक्का एका वाळुंजापाशी बसली होती. ओढ्याच्या काठचं झाड ते, त्याला पाय ओलेच लागतात. काडीसारखं झालं होतं. आक्कानं नखानं त्याची साल खरवडली. आत हिरवं आहे का बघायला. पांढरं निघालं.

"कळशीनं किती पुरणार, बेबी," ती म्हणाली.

"पुरंल तेवढं पुरंल."

"ह्येला तहान लागलीया आणि ह्येच्या पायाखाली पाणी हाय. नुसतं आपण दाबून धरलंय."

मी तिच्याकडं बघितलं. ती झाडाकडंच बघत होती. मग कळशी उचलून ती घरच्या वाटेला लागली. आमच्या दोघींच्या चुली एका भिंतीच्या दोन अंगांना आहेत, तिचा तवा उतरलेला मला इकडं कळतो. त्या दिवशी तवा फार वेळ वाजत राहिला. भाकरी थापून झाल्यावरही.

पुढच्या रविवारी मला उशीर झाला, म्हैस व्यायला अडली होती. ओढ्याच्या वळणावर हौसाआत्या सामोरी आली, जवळजवळ पळत. "जा बया लवकर," ती म्हणाली, "तुझी जाऊ बघ काय करतीया."

आक्का करंजांच्या मधल्या त्या सपाट जागेवर उभी होती. हातात पहार. साडीचा काष्टा मारलेला, हात उघडे. कडेचा मुरूम फोडून तिनं दोन दगड वर काढले होते आणि तिसऱ्याखाली पहार घालून त्यावर सगळा भार टाकत होती. केतकी मॅडम बाजूला उभ्या होत्या, पुढं व्हावं का मागं ते न कळून.

"आक्का, हे काय चाललंय?"

"दगड काढतीया."

"तात्यांना विचारलंस?"

"तुझा हात लाव न्हाईतर बाजूला हो. सावली येतीया."

मी पदर खोचला. तो दगड आम्ही दोघींनी लोटला. मग हौसाआत्यानं एक लोटला, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मॅडम लहान लहान दगड टोपलीत भरायला लागल्या. रस्त्यानं कुणीतरी जात होतं, ते थांबलं. गावात बातमी कशी जाते ते मला आजवर कळलेलं नाही, पण ऊन चढायच्या आत घरटी एक नाही, घरची घरं ओढ्यावर होती. उत्तमरावही आले. आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या, देवळात आल्यासारख्या.

पोरांनी पहारी घेतल्या, बायकांची रांग लागली. दगड हातोहात काठावर जायला लागले. आणि मग एक मजा सुरू झाली, मजाच म्हणते मी तिला, दुसरा शब्द सापडत नाही. लोकांना आपापले दगड ओळखू यायला लागले. "ही आमच्या गोठ्याची पायरी." "हे आमचं उखळ." हौसाआत्याला तिच्या सासूच्या जात्याची खालची तळी सापडली. ती कडेला घेऊन बसली आणि म्हणाली, "चांगलं होतं की हे. उगंच दिलं मी." लोक हसले. निवास गेल्यापासून त्या जागी पहिल्यांदा कुणी हसलं असेल.

खाली खाली गेलं तसे दगड गार लागायला लागले. मग ओले. एका पोरानं हात वर करून बोटं दाखवली, बोटांना चिखल होता.

तेवढ्यात तात्या आले. खांद्यावर कावड, दोन्ही घागरी भरलेल्या. झाडांना पाणी घालायलाच निघाले होते बिचारे. रांग थांबली. हातातले दगड लोकांनी तसेच धरून ठेवले.

तात्यांनी कावड उतरवली. पाणी सांडू दिलं नाही.

"शालन," ते म्हणाले, "वर ये."

आक्का खड्ड्यात कमरेएवढी होती. तिनं वर बघितलं नाही. हातानं मुरूम बाजूला सारला आणि खाली काहीतरी चेपलेलं, तांबूस दिसलं. तिनं दोन्ही हातांनी ते हलवून हलवून सोडवलं. पत्रा होता. डबा. गंजून चाळण झालेला, दगडांनी दबलेला, कडेला काथ्याच्या दोरीची काळी पडलेली गाठ. झाकणाच्या जागी भोक पाडलेलं आणि आत गच्च दगड भरलेले.

तो डबा कसला ते कुणाला सांगावं लागलं नाही. रांगेत उभ्या असलेल्या निम्म्या लोकांच्या पाठीला तो कधी ना कधी बांधलेला होता.

"हा कुणी टाकला हितं?" तात्यांनी विचारलं.

"मी," आक्का म्हणाली. "घरटी ट्रॉली होती न्हवं. ती तुमची. हा माझा."

डबा मांडीवर घेऊन ती खड्ड्यातच बसली. त्यातले दगड एक एक करून काढायला लागली, जसे तांदळातले खडे काढावेत तसे. पहिल्यांदाच मी बघितलं की तिच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती.

"डबा तरंगला असता," ती म्हणाली. "म्हणून दगड भरलं. तुम्ही सगळी झोपल्यावर रातच्याला एकलीच येऊन सोडला."

"बास कर आता." तात्यांचा आवाज फुटला. "हितंच घसरला माझा पोरगा. ह्या कातळावर. त्येच्यावर दगड टाकलं मी, दुसऱ्या कुणाचं जायला नगं म्हणून. आणि तू त्योच उकरतीस? उद्या दुसरं पोर घसरलं तर कुणाच्या जिवावर?"

देवळातला प्रश्न होता तोच.  मी डब्याकडं बघत होते. आक्काच्या मांडीखाली कातळाच्या भेगेतून पाणी झिरपत होतं, तिच्या साडीचा काठ ओला होऊन काळा पडत चालला होता. तिला ते कळलं होतं. तिनं तिथं हात ठेवला, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा.

"पोरं घसरत्यात हो," ती म्हणाली. हळू, घरात बोलावं तशी. "निवास काय कमी घसरला हितं? त्या वरच्या दगडावरनं घसरायचा, पाण्यात पडायचा आणि हसत वर यायचा. अख्ख्या गावाच्या पोरांना त्यानं वर काढलं."

"शालन..."

"इतकी वरसं मी ह्या पाण्यालाच शिव्या दिल्या. पाण्यानं काय केलं होतं? आठ दिवस पोरगं घरात होतं. मला परत जायचं न्हाई, येवढंच तीनदा म्हणालं. तुम्ही म्हणालात गाडीची येळ झाली. मी लाडू भरून दिलं."

तात्यांनी करंजाच्या खोडाला हात लावला. मग ते हळूहळू खाली बसले.

आक्कानं डब्यातला शेवटचा दगड काढला, रिकामा डबा बाजूला ठेवला, आणि मान वर करून पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं.

"आपला निवास घसरला न्हाई, मालक. घसरला असता तर वर आला असता. त्येला वर यायचं नव्हतं."